‘शरण’चा पहिला अर्थ

माझ्या धाकट्या भावाने सोमवारी सकाळी पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये स्वतःला कोंडून घेतलं आणि ही बातमी मला बुधवारी कळली. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. गल्लीत माहीत होतं. दूधवाल्यालाही माहीत असणार, कारण मंगळवारी पिशवी हातात देताना तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होता. मला मात्र कुणी अवाक्षर सांगितलं नाही. कारण एकच. ताईला कळलं तर ताई चिडेल.

चिडलेच.

"दोन दिवस!" मी फोनवर भावजयीला म्हटलं. "दोन दिवस माझा भाऊ लोखंडी दारामागे बसलाय आणि मला आज सांगतेस?"

"अहो ताई, मला वाटलं संध्याकाळी येतील बाहेर. मग वाटलं सकाळी येतील." ती रडत नव्हती. तिचं रडून झालं होतं बहुतेक. "आता पोलीस म्हणतायत, बारा वाजता दार कापणार. गॅसकटरने. तुम्ही या हो. तुमचं ऐकतील."

माझं तो कधीच ऐकत नाही हे तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे. पण अशा वेळी माणूस कुणालाही फोन लावतो. मी चपला घातल्या आणि निघाले.

माझ्या भावाला घरात आम्ही छोटू म्हणतो. छोटू अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि दारातून जाताना त्याला मान वाकवावी लागते. बाहेर सगळे त्याला पंपकाका म्हणतात. तेहतीस वर्षं तो एकाच पंपहाऊसमध्ये कामाला आहे. तिथे तीन पंप आहेत, ते पाणी उंचावरच्या टाकीत चढवतात. टाकीतून गावात पाणी सोडायचा मुख्य व्हॉल्व्ह पंपहाऊसमध्येच आहे. ट्रकच्या स्टिअरिंगच्या दुप्पट मोठं चाक. ते चाक छोटू सकाळी सहाला उघडतो, आठला बंद करतो, पुन्हा संध्याकाळी पाचला उघडतो, सातला बंद करतो. आमच्याकडे लोक नळ सुटला की घड्याळ लावून घेतात.

यंदा तिथे नवं पॅनल आलं. व्हॉल्व्ह आपोआप उघडणार, आपोआप मिटणार. चाकाला कुणी हात लावायचा नाही. सोमवारी माणसं जुनं पॅनल सील करायला आणि किल्ल्या घ्यायला आली. छोटू म्हणाला, "पाच मिनिटं थांबा हं." आत गेला आणि आतून अडसर घातला.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी शब्दकोशाच्या कचेरीत चौतीस वर्षं काढली. एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या करायच्या, तो कुठून आला, पूर्वी त्याचा अर्थ काय होता, आता काय झालाय, हे शोधून लिहायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. छोटू त्याला ‘शब्द चिवडणं’ म्हणतो. आमच्या दोघांच्या कामांचं एकमेकांशी काही देणंघेणं असेल असं त्या दिवसापर्यंत कुणालाच वाटलं नव्हतं.

पंपहाऊससमोर साठसत्तर माणसं जमली होती, पण गर्दीचा सूर गंभीर नव्हता. एक बाई हातातली कळशी कमरेला टेकवून पोलिसांनाच सुनावत होती. "पाणी तर वेळेवर येतंय ना साहेब? उलट परवापासून जास्तच वेळेवर येतंय. मग त्या बिचाऱ्याला कशाला त्रास देताय?"

खरं होतं ते. कोंडून घेतल्यावरही छोटूने एकदाही वेळ चुकवली नव्हती.

इन्स्पेक्टर चाळिशीतला, पोट सुटलेला, दमलेला माणूस होता. हातात भोंगा. मी पोचले तेव्हा तो त्यातून ओरडत होता, "आत असलेल्या इसमाने ताबडतोब शरण यावे! मी पुन्हा सांगतो, शरण यावे!"

आतून आली ती फक्त पंपाची घरघर.

"मी त्या इसमाची बहीण," मी म्हटलं.

त्याने भोंगा खाली घेतला. "मोठी की धाकटी?"

"मोठी."

"मग बरं झालं," तो म्हणाला. बिचाऱ्याला मोठी बहीण असावी.

त्याच्या शेजारी निळ्या हेल्मेटमधली एक तिशीची मुलगी उभी होती. नवं पॅनल बसवणारी इंजिनिअर. ती इन्स्पेक्टरला समजावत होती, आणि हे ती बऱ्याच वेळा समजावून झाली असावी, कारण ती बोटं मोजत बोलत होती. "साहेब, दाराच्या आतच क्लोरीनचे सिलिंडर आहेत. चार हातांवर. कटरच्या उष्णतेने त्यांची सुरक्षेची बुचं वितळली तर गॅस सुटेल. आधी तो माणूस जाईल, मग आपण."

"मग मी काय करू मॅडम? तुमचे मोठे साहेब म्हणतात बारा वाजता दार उघडलंच पाहिजे."

मोठे साहेब समोर गाडीत बसून फोनवर बोलत होते. काच वर होती.

भावजय झाडाखाली बसली होती. तिच्या मांडीवर रिकामा डबा. तेवढं एक बरं होतं, ती दोन्ही वेळेला डबा देत होती आणि तो खात होता. दारात छातीच्या उंचीवर एक छोटी झडप होती, तिच्यातून.

मी तडक तिथे गेले आणि झडप बडवली. "छोटू! काय हा तमाशा? वय काय, करतोस काय? बायको उन्हात बसलीय तुझी. आधी दार उघड, मग बोलू."

झडप उघडली. मला त्याचे दोन डोळे दिसले, लालभडक. झडप पुन्हा बंद झाली.

"झालं?" इन्स्पेक्टर मागून म्हणाला.

"आमच्याकडे सुरुवात अशीच होते," मी म्हटलं. "एक खुर्ची द्या."

खुर्ची आली. मी दाराला पाठ लावून बसले आणि गप्प राहिले. लहानपणी छोटू रुसून माळ्यावर जाऊन बसायचा, तेव्हा आई त्याला बोलवायची नाही. शिडीखाली बसून शेंगा सोलायची. इथे सोलायला काही नव्हतं, म्हणून नुसती बसले. दहा मिनिटांनी झडप किरकिरली.

"ताई."

"हं."

"तो भोंग्यावर काय म्हणतो ऐकलंस? शरण यावे. मी काय दरोडा घातलाय? तेहतीस वर्षं गावाला पाणी पाजलं त्याचं हे?" त्याचा आवाज बसला होता. "तू जन्मभर शब्द चिवडलेस ना? मग त्याला दुसरा एखादा दे काढून. बरासा."

तो भांडत होता म्हणजे ठीक होतं. मी म्हटलं, "बरं. ताबा सोडा, चालेल?"

"ताबा सोडायला मी काय कुणाची जागा बळकावलीय?"

"किल्ल्या हवाली करा?"

"हवाली चोराला करतात. पोलिसांच्या."

"स्वाधीन?"

"तेच ते. ताई, तू त्यांच्या बाजूने आलीयेस का?"

"स्वाधीन म्हणजे मुळात स्वतःच्या ताब्यात असलेला. त्याच शब्दाने आपण वस्तू दुसऱ्याच्या हातात देतो. गंमत आहे की नाही?"

"मला नाही येत गंमत."

"मग सोपवा? काम सोपवा. हा चांगला आहे. समर्पणातून आलाय. सोपं करणं याच्याशी त्याचं काही नातं नाही, लोकांना उगीच वाटतं."

मी मान वळवून पाहिलं. झडपेतून त्याचा चेहरा दिसत होता, दाढीचे खुंट पांढरे झालेले, आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

"तो तर नकोच," तो म्हणाला. "सोपवलं होतं ना एकदा."

मी खुर्ची दाराकडे वळवली.

"अकरा वर्षांपूर्वी. तुला आठवतंय, तुझ्या मोठ्या लेकीच्या लग्नाला मी एक दिवस रजा घेतली? बदलीचा माणूस चांगला होता. मी त्याला सगळं सांगितलं होतं. पण त्याला घाई झाली असेल, काय असेल. त्याने चाक भराभरा फिरवलं. रिकाम्या पाइपात पाणी एकदम सुटलं की हवा कोंडते आणि दणका बसतो. आपली लाइन जुनी. खालच्या गल्लीत फुटली. एका घराची भिंत पडली. तिथली बाई अंथरुणात होती. पाय गेला तिचा. गुडघ्यापासून."

लाइन फुटल्याचं मला आठवत होतं. बाईचंही ऐकलं होतं. त्याचा छोटूशी संबंध आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. लग्नाच्या हॉलमध्ये तो त्या संध्याकाळी एकदम दिसेनासा झाला होता, आणि मी त्याच्यावर तेव्हाही चिडले होते.

"त्यात तुझी काय चूक?" मी म्हटलं.

"सगळे हेच म्हणाले. चौकशीतही हेच लिहिलं. पण मी तिथे असतो तर झालं असतं का? नसतं झालं. त्यानंतर मी एक रजा घेतलेली नाही ताई. एक. ताप असला तरी आलोय. आणि आता हे म्हणतात मशीनवर सोपव. ते मशीन व्हॉल्व्ह दीड मिनिटात उघडतं. मी कागद वाचलाय त्यांचा. तीन अर्ज दिले. एकाचंही उत्तर नाही."

माझ्या खुर्चीमागे कुणीतरी हललं. इंजिनिअर मुलगी तिथे येऊन उभी होती, किती वेळ कुणास ठाऊक. ती झडपेजवळ वाकली.

"काका, तुम्ही किती वेळात उघडता?"

"तुला काय करायचंय?"

"छोटू," मी म्हटलं.

"बावीस मिनिटं," तो म्हणाला. "पहिली आठ मिनिटं तर चाक जेमतेम पाव फेरा फिरवायचं. हवा निघते, ती ऐकू येते. ती थांबली की पुढे."

मुलीने हेल्मेट काढलं. ती घामाघूम झाली होती. "मला लाइन नवी आहे म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली. "नकाशावर सगळी नवी दाखवलीय."

"टाकीपासून चौकापर्यंत नवी. पुढे माझ्या जन्माच्या आधीची."

"आणि तुमचे अर्ज माझ्यापर्यंत आलेच नाहीत. कुणी सांगितलंच नाही मला." ती एकदम उभी राहिली, गाडीकडे बघितलं, पुन्हा वाकली. "काका, दीड मिनिट हा नुसता पॅनलमध्ये भरायचा आकडा आहे. पंचवीस मिनिटं भरता येतात. पहिली आठ मिनिटं सावकाश, मग पुढे, असंही करता येतं. तुम्ही सांगाल तसं. आज संध्याकाळी तुम्ही शेजारी उभे राहा. बिघडतंय वाटलं तर चाक तुमच्या हातात. ते काढलेलं नाही अजून."

झडपेतले डोळे तिच्यावरून माझ्याकडे वळले.

"खरंच भरता येतात?" छोटूने विचारलं. हा प्रश्न त्याने तिला नाही, मला विचारला. जणू ते मला माहीत असणार होतं.

"ती म्हणते तर येत असतील," मी म्हटलं.

इन्स्पेक्टरने मनगटावर बघितलं. बाराला वीस मिनिटं कमी होती. कटर घेऊन आलेली दोन माणसं सावलीत उकिडवी बसली होती, आणि खरं सांगायचं तर तीही फारशी उत्सुक दिसत नव्हती.

मला वाटलं, आता अडसर सरकेल. नाही सरकला. झडपेतून छोटूचा हात दिसला, तो दाराच्या आतल्या बाजूला टेकलेला. नखांत ग्रीस.

"काय झालं आता?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"उघडलं की शरण गेलो ना मी," तो म्हणाला. "उद्या सगळे हेच म्हणणार. पंपकाका शरण गेला. आणि ताई, उघडल्यावर... उघडल्यावर मग ते माझ्या हातात राहणार नाही. आज शेजारी उभा राहीन. उद्या? परवा?" त्याने नखांतलं ग्रीस खरवडलं. "मला भीती वाटते गं."

तो सहा वर्षांचा असताना विहिरीत डोकावायला घाबरायचा, तेव्हा असा बोलायचा. त्यानंतर आजच.

धीराचे शब्द मला येत नाहीत. मला शब्दांबद्दल सांगता येतं. म्हणून मी तेच सांगितलं.

"मी कचेरीत नवीन होते," मी म्हटलं, "तेव्हा ‘श’चे शब्द माझ्याकडे होते. शरण या शब्दाची चिठ्ठी मी केली. पहिला अर्थ लिहिला, हार मानणं. आमच्या संपादकांनी चिठ्ठी परत केली. वर काहीच लिहिलं नव्हतं, नुसती परत. मी पुन्हा केली, त्यांनी पुन्हा परत केली. तिसऱ्यांदा मी त्यांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, सर, चुकलं कुठे? ते म्हणाले, बाई, हा शब्द पहिल्यांदा राहायला कुठे होता ते बघून या."

"राहायला?"

"हं. मग मी जुने संस्कृत कोश काढले. शरण म्हणजे काय माहितेय? घर."

झडपेत छोटूचे डोळे पुन्हा दिसले.

"घर. आणि दुसरा अर्थ, सांभाळणारा. हेच दोन अर्थ आधी दिलेत. हारजीत नाहीच त्यात. धातूबद्दल पंडितांचं एकमत नाही, पण काही जण त्याचं नातं आश्रय शब्दाशी लावतात. शरणार्थी म्हणतो ना आपण? तो काही हरायला आलेला नसतो. डोक्यावर छप्पर मागायला आलेला असतो. पुढे लढाईत हरलेले लोक जिंकणाऱ्याकडे आसरा मागायला जायला लागले, तेव्हा त्या शब्दाला हार चिकटली. ती मागाहून चिकटलेली आहे. शरण ये म्हणजे मुळात एवढंच, की आत ये. घरात ये. आता तुला सांभाळायला कुणीतरी आहे."

माझ्या मागे इन्स्पेक्टर खाकरला. भोंगा त्याच्या हातात होता आणि तो त्या भोंग्याकडे बघत होता.

"तू अकरा वर्षं बाहेर उभा आहेस छोटू," मी म्हटलं. "मला दिसलं नाही. माझंही चुकलं. लग्नातून निघून गेलास म्हणून मी वर्षभर तुझ्याशी धड बोलले नव्हते."

"आठवतंय मला," तो म्हणाला. आणि मग, "दीड वर्ष."

"बरं, दीड."

"बोलायला लागलीस ते पण भांडायलाच."

"बरं म्हटलं ना."

आत काहीतरी जड घसटलं. मग अडसर लोखंडावर घासत सरकला, आणि दार उघडलं. छोटू मान वाकवून बाहेर आला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, पायात एकच चप्पल होती. भावजय झाडाखालून उठली, पण धावली नाही. ती सावकाश आली आणि त्याची कॉलर सरळ केली. तिच्या हाताला काम हवं होतं.

छोटूच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा होता. त्याने तो पुढे धरला, पण घ्यायला कुणी पुढे येईना. इन्स्पेक्टरने इंजिनिअर मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "राहू देत काका. पाच वाजेपर्यंत तुमच्याकडेच."

मोठे साहेब तोवर गाडीतून उतरून आले होते आणि काहीतरी बोलायला लागले होते, शिस्त वगैरे. मुलगी त्यांना म्हणाली, "सर, एक मिनिट, आधी मला नकाशाबद्दल विचारायचंय." आणि त्यांना बाजूला घेऊन गेली. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. साहेबांचा आवाज मात्र हळूहळू खाली आला तो पुन्हा वर गेला नाही.

इन्स्पेक्टरला छोटूला जबाबासाठी चौकीवर न्यायचं होतं. तो माझ्यापाशी आला. "पाचनंतर नेतो," तो म्हणाला. "मलाही बघायचंय जरा. आमचं घर खालच्याच गल्लीत आहे."

मधल्या वेळात दोघं पॅनलपुढे बसले, छोटू आणि ती मुलगी. भावजयीने सगळ्यांसाठी चहा मागवला. मला त्यांचं अर्धं बोलणं कळत नव्हतं. एवढं कळलं, की मुलगी विचारत होती आणि लिहून घेत होती, आणि छोटूला इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. आधी तो एकेका शब्दात उत्तरं देत होता. मग हातवारे करायला लागला. तीनच्या सुमारास त्याने तिच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच पाइपलाइन काढायला लागला, कुठे वळते, कुठे उतरते, कुठे पाणी साचून राहतं. तिने दोनदा त्याला चूक दाखवली. दुसऱ्यांदा तो हसला.

पाच वाजले. मुलीने बटण दाबलं.

काहीच झालं नाही असं मला वाटलं. चाक जागचं हललेलं दिसेना. छोटूने लोखंडाची एक लांब सळई घेतली, तिचं एक टोक पाइपावर टेकवलं आणि दुसरं कानाशी धरलं. डोळे मिटले. आम्ही सगळे दाराशी उभे. इन्स्पेक्टरने टोपी काढून काखेत धरली होती. हळूहळू मला दिसलं, की चाक फिरतंय, घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखं. छोटूचा डावा हात शरीरापाशी लोंबत होता आणि त्याची बोटंही त्याच वेगाने वळत होती. त्याला ते कळत नसावं.

आठ मिनिटांनी तो म्हणाला, "हवा थांबली."

त्याच क्षणी पॅनलवर दुसरा दिवा लागला आणि चाकाचा वेग किंचित वाढला.

त्याने डोळे उघडले आणि मुलीकडे पाहिलं. मग सळई तिच्या हातात दिली. "ऐक," तो म्हणाला. तिने कान लावला. तिचा चेहरा बदलत गेला. "पावसाळी गटारासारखा येतो आवाज," ती म्हणाली. "हं," छोटू म्हणाला, "आता तो जाड होईल. दणका बसणार असेल तर आधी टक टक येतं." दोघं आळीपाळीने ऐकत राहिले. टक टक आलं नाही. पंचवीस मिनिटांनी चाक थांबलं, आणि बाहेरून त्या कळशीवालीचा आवाज आला, "आलं हो, आलं!"

छोटूने हात पँटला पुसले. एकदम पायरीवर बसला. "ताई," तो म्हणाला, "मला झोप येतेय गं."

चौकीवर अर्धा तास लागला. इन्स्पेक्टरने जबाब स्वतः लिहिला. शेवटच्या ओळीशी पेन थांबलं. "ताई, इथे काय लिहू? बाहेर आला, की ताबा सोडला, की काय?"

मी छोटूकडे बघितलं. तो बाकावर बसल्या बसल्या पेंगत होता.

"शरण आला, असंच लिहा," तो डोळे न उघडता म्हणाला.

पुढे त्याला एक लेखी ताकीद मिळाली. मोठ्या साहेबांनाही एक मिळाली म्हणतात, पण ती कुणी पाहिली नाही. निवृत्तीपर्यंतचं उरलेलं दीड वर्ष त्याने नव्या माणसांना सळईने पाइप ऐकायला शिकवावं असं ठरलं. इंजिनिअर मुलीने ते लिहून दिलं होतं. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी आम्ही त्याला माझ्या घरी आणलं, कारण ते चौकीला जवळ होतं आणि तो उभ्या उभ्या झोपत होता. तो माझ्या पलंगावर आडवा पडला, पाय पलंगाबाहेर. भावजय आणि मी स्वयंपाकघरात गुपचूप जेवलो. आम्ही दोघी चमचाही वाजू देत नव्हतो, आणि तो तर असा घोरत होता की ताटं थरथरावीत. ते लक्षात आल्यावर आम्ही दोघी हसायला लागलो. तोंडावर पदर धरून हसलो. बऱ्याच वर्षांत मी तिच्याबरोबर अशी हसले नव्हते.

सकाळी सहा वाजता नळाला पाणी आलं. मी बादल्या भरल्या. तो उठला नाही. आठला पाणी गेलं. तो उठला नाही. भावजय दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना बघून आली.

साडेअकराला आतून दडदड आवाज झाला. आम्ही धावलो. छोटू पलंगावर उठून बसला होता, केस उभे, डोळ्यांत भलतीच भीती.

"पाणी?" त्याने विचारलं.

"आलं होतं," मी म्हटलं.

"किती वाजता?"

"सहाला."

"दणका?"

"नाही."

"खालच्या गल्लीत?"

"मी फोन केला होता," भावजय म्हणाली. "सगळं नीट आहे."

तो थोडा वेळ आम्हा दोघींकडे बघत राहिला. हिशेब लागत नसल्यासारखा. मग त्याच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालं, मला ते स्पष्ट दिसलं. "बरं," तो म्हणाला. उशी उलटी करून गार बाजू वर घेतली, कुशीवर वळला, आणि पुन्हा झोपला.